आडवी लावलेली गाडी

एप्रिलमधल्या एका रविवारी सकाळी, भरती लागत असताना, मालवण तालुक्यातल्या एका किनाऱ्यावर पसरून ठेवलेल्या रापणीच्या, म्हणजे काठावरून ओढायच्या, मासेमारीच्या जाळ्यावरून एक मोठी गाडी गेली. जाळे मधोमध फाटले. उरलेले मागच्या चाकांना गुंडाळले गेले. कोणाला इजा झाली नाही. वाळूवर गाड्या उतरू नयेत म्हणून गावात सगळ्यात जास्त भांडलेला जो माणूस, त्याचीच ती गाडी होती आणि तोच ती चालवत होता.

मी त्याच गृहस्थांच्या माडीवर भाड्याने राहत होतो. एका दैनिकासाठी मालवण आणि देवगड तालुक्यांच्या बातम्या देणे हे माझे काम होते. त्यांचा सारा जन्म मुंबई बंदरात टगवर गेलेला. टग म्हणजे अवाढव्य जहाजांना ओढून धक्क्याला लावणारी ठेंगणी बोट. तिच्यावरच्या प्रमुखाला सारंग म्हणतात. निवृत्त होऊन गावी परतल्यावरही हे नाव त्यांना चिकटून राहिले. बाजारात, देवळात, ग्रामसभेत सगळीकडे ते सारंगच होते.

गाडी त्यांनी मुंबईतल्या एका बिल्डरकडून जुनी घेतली. तीन रांगांची, आमच्या वाटेला न शोभणारी. टायर कमरेपर्यंत येत. गावात आल्यावर त्यांनी पहिले काम केले ते तिच्यावरची शोभा उतरवण्याचे. चकचकीत पट्ट्या काढल्या, टपावरचे दिवे काढले, दारांखालच्या पायऱ्या काढल्या. "चकचकीत वस्तू म्हणजे गंजाची लपूची जागा," ते म्हणाले. सीटची मागची रांग काढून तिथे काथ्याचे दोर, लाकडी फळ्या, माडाच्या सुक्या झावळ्या आणि दोन फावडी ठेवली. पुढच्या बंपरवर लोखंडी दोर गुंडाळणारे विंच बसवून घेतले. इतक्या मोठ्या गाडीचा उपयोग काय, असे मी एकदा विचारले.

"ओढूक," ते म्हणाले.

पायऱ्या काढल्यामुळे काकींना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, गाडीत चढता येईना. सारंगांनी त्यावर उपाय केला. जांभ्याचा एक चिरा घराच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, ठेवला, एक देवळाच्या बाहेर आणि एक बाजारात, काकी जिथे मसाला घेत त्या दुकानासमोर. गाडी नेमकी त्या चिऱ्याला लागे आणि काकी उतरत. दुकानदाराने एकदा तो चिरा बाजूला सरकवला, तेव्हा सारंग गाडी भर रस्त्यात थांबवून, तो पुन्हा जागेवर येईपर्यंत बसून राहिले.

मिठाशी त्यांचे वैर होते. खारा वारा गाडीला खालून खातो, असे ते सांगत आणि त्यात चूक नव्हती. रोज संध्याकाळी विहिरीचा पंप सुरू होई. सारंग गोणपाटावर आडवे होऊन गाडीच्या खाली शिरत आणि गोड्या पाण्याची नळी प्रत्येक सांध्यावर धरत. पावसाळ्याआधी तळाला जाड काळा लेप देत. लेप दिल्यावर काही दिवस कोणाला गाडीजवळ जाऊ देत नसत.

"मिठाक झोप नसता रे," ते मला सांगत. "आपण निजलो की ता कामाक लागता."

काकींचे मत वेगळे होते. "तिच्या पोटाखाली जितक्या पाणी गेला, तितक्या माझ्या माडांका गेला असता तर नारळ ठेवूक जागा पुरली नसती."

घराकडची वाट दोन दगडी गडग्यांमधून, कुंपणाच्या भिंतींमधून, जाते. तिथून ती गाडी नेताना दोन्ही बाजूंना चार बोटे जागा उरे. सारंग आरसे हाताने मिटवत. मागचे दाखवणाऱ्या पडद्यावर त्यांनी जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा चिकटवला होता. गाडी मागे घेताना काकी खळ्यात उभ्या राहून बोटीवरच्या भाषेत हुकूम देत. हाबेस म्हणजे ओढ, आर्या म्हणजे सोड. "आर्या, आर्या... आता बस! माझी तुळस वाचली."

समोरून एसटी आली तर सारंग गाडी निमूट मागे घेत. पर्यटकांची गाडी आली तर इंजिन बंद करून वर्तमानपत्र उघडत. समोरच्याने भोंगा वाजवला की पान उलटत.

त्यांचा राग ओळखायची खूण गावाला ठाऊक होती. साधे बोलणे मालवणीत चाले. राग आला की ते प्रमाण मराठी बोलू लागत आणि समोर कोणीही असो, त्याला अहो-जाहो करत.

हा राग मुख्यतः एका गोष्टीचा होता. सारंगांच्या घराला लागून एक वाट किनाऱ्यावर उतरते. ती जमीन त्यांची, पण पायवाटेचा हक्क गावाचा. याच वाटेने अलीकडच्या वर्षांत पर्यटकांच्या गाड्या वाळूवर जाऊ लागल्या. गाडी थेट पाण्यापर्यंत जाते, असे गावातला एक लॉजमालक आपल्या पाहुण्यांना सांगत असे. गाडी जाई, हे खरे. परत येत नसे. चाके ओल्या वाळूत रुतत, चालक जोराने रेस करी, चाके आणखी खोल जात. मग कोणीतरी सारंगांना बोलवायला धावे.

सारंग जात. दर वेळी जात. चाकांतली हवा कमी करत, खाली झावळ्या सारत, विंचचा दोर अडकवत आणि गाडी कोरड्या वाळूवर ओढून आणत. मग चालकाच्या दाराशी येऊन उभे राहत.

"उतरा."

माणूस उतरे.

"चावी द्या."

चावी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात जाई आणि फावडे त्या माणसाच्या हातात. "वाळू जशी होती तशी करा. मग चावी मिळेल."

मी हे अनेकदा पाहिले. एकदा एक तरुण हसून म्हणाला, "काका, भरती येईल ना आता. भरती करील की सपाट."

"भरती तुमच्या घरी कामाला नाही," सारंग म्हणाले.

त्या तरुणाने दीड तास चाकोऱ्या बुजवल्या. त्याची बायको छत्री धरून उभी होती. सारंगांनी तिला दुसरे फावडे देऊ केले.

हा विक्षिप्तपणा नव्हता, किंवा निव्वळ विक्षिप्तपणा नव्हता. त्या किनाऱ्यावर रापण चालते. होडी जाळे घेऊन समुद्रात वळसा घालते आणि जाळ्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावरची माणसे ओढतात. ओढताना पाठीमागे चालावे लागते. ओढणारे बहुतेक साठी ओलांडलेले. तरुण मुंबईला किंवा गोव्याला. रापणीचे प्रमुख भिकाजी, सारंगांचे शाळेतले सोबती, दोर घेऊन मागे चालताना एका चाकोरीत पाय अडकून पडले. घोटा मोडला. तेव्हापासून ते लंगडतात. ज्या गाडीची ती चाकोरी होती, ती केव्हाच निघून गेली होती.

रापणीचा एक नियम आहे. दोराला ज्याचा हात लागला, त्याला माशांचा वाटा. ओळखीचा असो, वाटसरू असो. होडीलाही वाटा असतो आणि जाळ्यालाही. या नियमावरून सारंगांचा एकदा अपमान झाला होता. माणसे कमी पडली म्हणून त्यांनी जाळ्याचा एक दोर विंचला बांधला. विंचचे टोक भराभर आले, माणसांचे टोक मागे राहिले, जाळे तिरके झाले आणि निम्मे मासे निसटले.

"सारंगानू, गाडी ओढता बरी," पारूवयनी म्हणाल्या. त्या भिकाजींच्या भावजय, दोरही ओढतात आणि मासेही विकतात. "पण दुसऱ्या टोकाक कोण आसा, ता तिका दिसत नाय."

वाटे घालताना भिकाजींनी खरेच विचारले, "होडयेक वाटो आसा, जाळ्याक आसा. गाडयेक घालूचो काय?"

"घाला," पारूवयनी म्हणाल्या. "पण ती कोकम घालून खातली की डिझेल?"

सगळा किनारा हसला. सारंग हसले नाहीत. "गाडीला काही नको," ते म्हणाले. "आणि माझाही हात लागलेला नाही." भिकाजींनी त्यांच्या घरी वाटा पाठवला. तो आला तसा परत गेला. त्यानंतर रापणीचा मासा त्या घरात शिजला नाही. मासे मालवणच्या बाजारातून येत.

वाटेच्या तोंडाशी लोखंडी आडणा घालावा, माणसे जावीत आणि गाड्या थांबाव्यात, अशी मागणी सारंगांनी ग्रामसभेत केली. मी बातमीसाठी हजर होतो. लॉजमालक उठला आणि त्याने शांतपणे विचारले, "वाळूवर उतरणारी सगळ्यात जड गाडी कोणाची आहे?"

सगळ्यांनी सारंगांकडे पाहिले.

"आमचे पाहुणे सुट्टीत येतात," तो पुढे म्हणाला. "सारंगांची गाडी वर्षभर खाली असते."

"तुमच्या पाहुण्यांना काढायला असते," सारंग म्हणाले.

"मग काढू नका."

सभेत हशा झाला. दोन्ही बाजू ऐकून घेण्यात आल्या. निर्णय झाला नाही.

सभेहून परतून खळ्यात उतरल्यावर सारंग मालवणीत म्हणाले, "तो बोललो ता खरा आसा. तेचोच राग येता."

तरी त्यांनी गाडी खाली न्यायचे थांबवले नाही. त्याऐवजी त्यांनी दुसरी तजवीज केली. रापणीचे जाळे वाटेच्या अगदी समोर पसरले जाई आणि पर्यटकांची चाके त्याच्या काठावरून जात. सारंगांनी भिकाजींच्या मागे लागून ही जागा बदलायला लावली. नवी जागा त्यांनी स्वतः निवडली, उत्तरेला, सुरूच्या बनाच्या पुढे. तिकडून कोणाचीच गाडी जात नाही, असे त्यांनी भिकाजींना पटवले. ते खरे होते. तिकडून फक्त त्यांची जात होती. रापणीच्या पट्ट्यात आपली चाकोरी पडू नये म्हणून ते कित्येक वर्षे बनाच्या बाजूने वळसा घालून पाण्याकडे जात. तो वळसा त्यांच्या इतका अंगवळणी पडला होता की ती गाडीची वाट आहे, हे त्यांच्या लक्षातच राहिले नव्हते.

त्या रविवारी लॉजच्या पाहुण्यांची गाडी पाण्याच्या कडेला रुतली. भरती लागली होती. गाडीत माणसे बसलेली आहेत, असा निरोप आला. सारंग संतापून निघाले. बनाला वळसा घातला. वाऱ्याने रात्रीतून जाळ्यावर वाळू चढवली होती. पुढची चाके त्यावरून गेली, मागच्या चाकांनी ते ओढून घेतले. गाडी थांबली तेव्हा भिकाजी आणि रापणीची माणसे मांगरातून, म्हणजे जाळी ठेवायच्या त्यांच्या शेडमधून, बाहेर आली होती.

सारंग खाली उतरले. मागच्या चाकाशी वाकून पाहिले. मग ते चालकाच्या दाराशी जाऊन उभे राहिले. दार उघडे होते आणि सीट रिकामी होती.

"उतरा," ते त्या सीटला म्हणाले.

तळहात पुढे केला.

"चावी द्या."

आत हात घालून त्यांनी चावी काढली आणि भिकाजींसमोर धरली.

"रे सारंगा, माका कित्याक ही?" भिकाजी म्हणाले. "माका सायकल येना नाय."

"जाळं जसं होतं तसं होईपर्यंत ती तुमच्याकडे राहील."

भिकाजींनी पारूवयनींकडे पाहिले. शाळेपासून आजवर सारंगांनी त्यांना ‘तुम्ही’ म्हटले नव्हते.

"घेवा, भावजीनू," पारूवयनी म्हणाल्या. "तुमका अहो म्हणता म्हणजे आता ऐकूचो नाय."

लॉजमालक धावत आला. पाहुणे गाडीतून उतरून वर आले होते, गाडी मात्र पाण्यात होती. त्याने सारंगांकडे विंच मागितले.

"माझ्याकडे चावी नाही," सारंग म्हणाले.

ती गाडी ओहोटीपर्यंत पाण्यात राहिली.

दुसऱ्या दिवशी सारंगांनी भिकाजींकडून चावी मागून घेतली, चाकांत अडकलेले जाळे कापून काढले आणि गाडी वर आणली. वाटेच्या तोंडाशी ती आडवी लावली. जॅक लावून चारही चाके काढली आणि गाडी चिऱ्यांवर टेकवली. चिरे कमी पडले तेव्हा देवळाबाहेरचा आणि बाजारातला चिरा उचलून आणला. माणसांसाठी किती जागा सोडायची, हे पारूवयनींनी ठरवले. डोक्यावर टोपली घेऊन त्या गाडी आणि गडग्याच्या मधून दोनदा गेल्या. टोपली घासली नाही, तेव्हा सारंगांनी शेवटचा जॅक काढला. चावी परत भिकाजींकडे दिली. त्यांनी ती मांगरात खिळ्याला अडकवली.

काकींना हे शेजारणीकडून कळले. "माझे पायरे सुद्धा न्हेल्यानी," त्या मला म्हणाल्या. "माका इचारूक नाय." नंतरचे कितीतरी दिवस त्या सारंगांशी बोलल्या नाहीत. देवळात चालत जात.

पावसाळाभर सारंग मांगरात बसून जाळे विणत होते. कोळ्याच्या घरात जन्मून त्यांनी जाळ्याची सुई कधी हातात धरली नव्हती. मिसरूड फुटायच्या आत ते मुंबईला गेले होते. त्यांच्या गाठी फार घट्ट बसत आणि जाळ्याचे डोळे वाकडे होत.

"टगाचो दोर न्हय हो," पारूवयनी सांगत. "बोटान धरा, मुठीन नको."

"मला कळतं," सारंग म्हणत आणि सुई भिरकावत. मग उठून ती शोधून आणत. त्या पावसाळ्यात ते सगळ्यांशी प्रमाण मराठी बोलत होते.

नारळी पौर्णिमेनंतर जाळे समुद्रात गेले आणि अखंड परत आले. त्या दिवशी सारंगांनी दोराला हात लावला. वाटा घेतला. काकींनी तो रांधला आणि ताट वाढताना बोलल्या, "मीठ कमी पडला तर सांगा. तुमका ता आवडना नाय."

संध्याकाळी भिकाजी चावी घेऊन घरी आले. "जाळा झाला," ते म्हणाले. "घे."

"जाळा झाला," सारंग म्हणाले. "वाळू झाली नाय."

चावी पुन्हा खिळ्याला गेली.

दिवाळीच्या सुट्टीत लॉज भरला आणि लॉजमालकाने आडवी गाडी हलवण्यासाठी कणकवलीहून एक टोइंगचा ट्रक मागवला. वरची वाट ट्रकला अरुंद होती. म्हणून तो शेजारच्या तोंडवलीच्या बाजूने, ओहोटीला, वाळूवरून आणण्यात आला. गाडीला हुक लागण्याआधी त्याची मागची चाके आसापर्यंत रुतली. चालकाने रेस केली. ट्रक आणखी खाली गेला. पाणी फिरून भरती लागली होती.

लॉजमालक खळ्यात आला. मी तिथेच होतो.

"सारंगानू, विंच चालू आसा काय?"

"विंच आहे. चाकं नाहीत. चावी भिकाजींकडे आहे."

तो मांगरात गेला. भिकाजी दोर गुंडाळत होते. "वाळू झाल्यार चावी गावतली," ते म्हणाले. "तसा ठरला हा."

"मगे ट्रक बुडांदे?"

"दोर आसा," पारूवयनी म्हणाल्या. "हात आसत."

रापणीचा दोर ट्रकला बांधला गेला. सारंगांनी चाकांतली हवा सोडली, खाली झावळ्या सारल्या आणि पुढे जाऊन उभे राहिले. रापणीची सगळी माणसे दोराला लागली. लॉजमालक बाजूला फोन हातात घेऊन उभा होता.

"दोराला हात लावा," सारंग त्याला म्हणाले.

"मी?"

"तुम्ही."

"लाव रे बाबा," पारूवयनी म्हणाल्या. "हात लायल्याशिवाय वाटो गावना नाय."

"ह्येत वाटो कसलो?" कोणीतरी विचारले.

"आज एकच मासो गावलो," पारूवयनी म्हणाल्या. "जड आसा, पण खाऊक येवचो नाय."

लॉजमालकाने फोन खिशात घातला आणि दोर धरला. सारंगांनी "हाबेस" म्हटले की दोर ताणला जाई, "आर्या" म्हटले की सैल पडे. पाणी पुढच्या चाकाला लागले होते तेव्हा ट्रक सुटला. भरती पूर्ण चढायच्या आत त्याला परत जायचे होते. सारंगांनी चालकाला लगेच जाऊ दिले. "तुम्ही आपल्या मनाने आलेला नाही," ते त्याला म्हणाले. मग त्यांनी फावडे आणून लॉजमालकासमोर धरले.

"वाळू जशी होती तशी करा."

त्याने निम्म्या चाकोऱ्या बुजवल्या. उरलेल्या भरतीने बुजवल्या.

आडण्याचा विषय त्यानंतरच्या ग्रामसभेत पुन्हा आला. दोन्ही बाजू ऐकून घेण्यात आल्या. निर्णय झालेला नाही. गाडी वाटेवर आडवी आहे, चाके सारंगांच्या पडवीत आहेत आणि चावी मांगरातल्या खिळ्याला आहे. संध्याकाळी विहिरीचा पंप सुरू होतो आणि पाणी काकींच्या माडांना जाते. मी ती माडी सोडली आहे; मार्चमध्ये पुन्हा गेलो तेव्हा गाडीची समुद्राच्या बाजूची दोन्ही दारे खालून गंजलेली होती.